आरबीएस हवाय? बारा अक्षरांच्या डीएनएचा खर्च असा मांडा

'बी००३४' या क्रमांकाचा आरबीएस (रायबोसोम बाइंडिंग साइट) सिंथेटिक बायोलॉजी करणाऱ्या बहुतेकांना तोंडपाठ असतो, कारण तो अवघ्या बारा अक्षरांचा आहे: ए-ए-ए-जी-ए-जी-जी-ए-जी-ए-ए-ए. आपल्याकडे प्रायमर बनवून देणाऱ्या कंपन्या एका अक्षराला साधारण १० ते २० रुपये घेतात. मधला १५ रुपयांचा दर धरला तर जगभर वापरला जाणारा हा भाग १८० रुपयांना पडतो. तरीही एखाद्या कॉलेजनं पहिल्यांदाच तो प्लास्मिडमध्ये बसवायचं ठरवलं, तर बिल सहज चाळीस हजारांवर जातं. हे पैसे कुठे जातात, त्यातले कुठले वाचवता येतात आणि कुठे हात आखडता घेऊ नये, ते पाहू. छोट्या कॉलेजांमधल्या मुलांनी हे प्रयोग पुस्तकात वाचून सोडून न देता स्वतः करावेत, असं मला मनापासून वाटतं आणि योग्य हिशेब केला तर ते परवडतंही.

आधी आपण नेमकं काय घेतोय ते स्पष्ट असू द्या. जनुकापासून आरएनएच्या किती प्रती निघतील हे प्रमोटर ठरवतो. त्या प्रत्येक प्रतीवरून किती प्रथिनं तयार होतील, हे मुख्यतः आरबीएसच्या हातात असतं. रायबोसोम आरएनएवर जिथे येऊन टेकतो ती ही जागा. १९७४ साली ऑस्ट्रेलियात जॉन शाइन आणि लिन डालगार्नो यांनी दाखवून दिलं की ई. कोलायच्या रायबोसोममधल्या १६एस आरएनएच्या टोकाला काही अक्षरं असतात आणि आरबीएसमधली ए-जी-जी-ए-जी-जी सारखी अक्षरं त्यांच्याशी जोडी जमवतात. जोडी जितकी घट्ट आणि पुढच्या ए-टी-जी पासूनचं अंतर जितकं योग्य, तितका रायबोसोम तिथे जास्त वेळा बसतो. म्हणून आरबीएस पंख्याच्या रेग्युलेटरसारखं काम करतो: वीज तीच, जनुक तेच, पण वेग तुम्ही ठरवता.

२००३ साली एमआयटीमध्ये प्रमाणित जैविक भागांची नोंदवही सुरू झाली. टॉम नाइट यांनी मांडलेल्या बायोब्रिक पद्धतीत प्रत्येक भागाला क्रमांक मिळाला आणि कुठलाही भाग कुठल्याही भागापुढे त्याच चार एन्झाइमांनी जोडता येऊ लागला. बी००३४ हा आरबीएस एलोविट्झ आणि लायबलर यांच्या २००० सालच्या रेप्रेसिलेटर सर्किटमधून आला. नोंदवहीत त्याची ताकद १ मानली आहे. त्याच्या तुलनेत बी००३० ची ०.६, बी००३२ ची ०.३, बी००३१ ची ०.०७ आणि बी००३३ ची ०.०१ दिलेली आहे. बी००३१ आणि बी००३२ यांची पहिली बारा अक्षरं तंतोतंत सारखी आहेत. फरक आहे तो शेपटाला: एकाच्या शेवटी सी-सी, दुसऱ्याच्या शेवटी जी. तेवढ्यानं ताकद चौपटीनं बदलते. एका अक्षराची चूक किती महाग पडू शकते याचा अंदाज इथेच येतो.

छापलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा

खरेदीआधी हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून इथे थोडं थांबू या.

वरचे आकडे ठरावीक प्रमोटर आणि ठरावीक जनुकासोबत मोजलेले आहेत. तुमचं जनुक वेगळं असेल, तर त्याची सुरुवातीची अक्षरं आरबीएसशी जोडी जमवून आरएनएची घडी घालू शकतात. मग रायबोसोमला बसायला जागाच उरत नाही. २०१३ साली ११४ प्रमोटर आणि १११ आरबीएस यांच्या साडेबारा हजार जोड्या एकाच वेळी मोजल्या गेल्या. प्रत्येक भागाचा स्वतंत्र आकडा घेऊन केलेला साधा अंदाज प्रथिनाच्या बाबतीत सुमारे ६४ टक्के वेळा दुपटीच्या आत बरोबर आला. म्हणजे तीनांतला एक अंदाज त्याहून जास्त चुकला, तेही सगळ्या जोड्यांमध्ये एकच चमकणारं प्रथिन असताना.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. एक 'उत्तम' आरबीएस शोधत बसू नका, वेगवेगळ्या ताकदीचे तीन घ्या. बी००३४, बी००३२ आणि बी००३१ हा संच सुरुवातीला पुरेसा आहे. नेमका आकडा चुकला तरी जोरकस, मध्यम आणि सौम्य असा उतार बहुतेक वेळा हाती लागतो, आणि प्रायमरच्या भावात तीन घेणं एकापेक्षा फार महाग नसतं.

ऑर्डर देण्याआधी संगणकावर अंदाज घेता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. हॉवर्ड सॅलिस, ईथन मिर्स्की आणि ख्रिस्तोफर व्हॉइट यांनी २००९ मध्ये आरबीएस कॅल्क्युलेटर मांडला. रायबोसोम आणि आरएनए यांच्या जोडीतली ऊर्जा काढून तो आरबीएसची ताकद सांगतो. लाखपटीच्या पल्ल्यात त्याचा अंदाज साधारण २.३ पटींच्या आत राहतो, असं त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. त्याच तत्त्वावरचा ऑस्टीर हा मुक्त स्रोत प्रोग्रॅम कुणीही स्वतःच्या लॅपटॉपवर चालवू शकतो. त्याला नुसता आरबीएस देऊ नका. ए-टी-जी च्या आधीची आणि नंतरची निदान ३५-३५ अक्षरं द्या, नाहीतर उत्तराला अर्थ उरत नाही. तुमचं काम व्यावसायिक असेल, तर कुठलंही साधन वापरण्यापूर्वी त्याच्या परवान्याच्या अटी वाचा.

भाग मिळवायचे रस्ते

तुमच्याकडे योग्य प्रमोटर आणि जनुक असलेलं प्लास्मिड आधीच असेल, तर सर्वांत स्वस्त रस्ता म्हणजे आरबीएस प्रायमरच्या शेपटीत लिहून घेणं. पुढच्या प्रायमरमध्ये १२ अक्षरं आरबीएसची, ६ जोडाची आणि सुमारे २२ जनुकाच्या सुरुवातीची, अशी एकूण चाळीस. बी००३२ साठी एकेचाळीस, बी००३१ साठी बेचाळीस. उलट दिशेचा प्रायमर तिघांना एकच चालतो, तो बावीस अक्षरांचा. सगळी मिळून १४५ अक्षरं, १५ रुपयांच्या दरानं २,१७५ रुपये, जीएसटी वेगळा. या प्रायमरांनी अख्खं प्लास्मिड पीसीआरनं वाढवायचं, डीपीएन-वननं मूळ साचा कापून टाकायचा आणि उरलेल्या डीएनएची टोकं लायगेजनं जोडायची. टोकांना फॉस्फेट लागतो. तो प्रायमरसोबतच बसवून मागितला तर कंपनी प्रत्येक प्रायमरमागे वेगळा आकार लावते. टी-४ कायनेजची एक बाटली घेतली तर तोच खर्च कित्येक प्रयोगांवर पसरतो.

पीसीआरचं चांगलं पॉलिमरेज परवडत नसेल, तर दुसरा मार्ग आहे. प्लास्मिडमध्ये आरबीएसच्या दोन्ही बाजूंना एन्झाइमनं कापायच्या जागा असतील, तर एकमेकांना पूरक असे दोन छोटे ऑलिगो मागवा. ते एकत्र ९५ अंशांवर तापवा आणि पाण्याच्या भांड्यातच हळूहळू थंड होऊ द्या. चिकट टोकं असलेला दुपदरी आरबीएस तयार होतो आणि तो सरळ कापलेल्या प्लास्मिडमध्ये जोडता येतो. पदव्युत्तर प्रात्यक्षिकासाठी हा मार्ग मला विशेष आवडतो, कारण यात डीएनए जोडण्याची मूळ कल्पना मुलांच्या हातून घडते.

जुन्या बायोब्रिक पद्धतीनं, म्हणजे आरबीएसचं वेगळं प्लास्मिड कापून त्यातून बारा अक्षरांचा तुकडा काढायचा, हे मात्र करू नका. इतका छोटा तुकडा जेलमधून पळून जातो, आणि नेहमीचे शुद्धीकरणाचे कॉलम इतका लहान डीएनए धरूनच ठेवत नाहीत. कागदावर स्वस्त दिसणाऱ्या या पद्धतीत एन्झाइमं आणि दिवस दोन्ही वाया जातात.

जनुक-संश्लेषण, म्हणजे आरबीएससकट अख्खं जनुक बनवून मागवणं, तेव्हाच परवडतं जेव्हा जनुकच तुमच्याकडे नाही. कंपन्यांची किमान लांबी असते: कुणाची १२५ बेसजोड्या, कुणाची ३००. नुसता आरबीएस त्यात मागवताच येत नाही. ८०० बेसजोड्यांच्या तीन आवृत्त्या घ्यायच्या तर २,४०० बेसजोड्या होतात, आणि दहा रुपये दर धरला तरी २४,००० रुपये. प्रायमरच्या तुलनेत हा अकरापट खर्च आहे.

परदेशी संग्रहातून घ्यायचं असेल, तर मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅडजीन या ना-नफा संस्थेकडून एक प्लास्मिड शंभर डॉलरच्या आत मिळतं. त्यावर कुरिअर, कस्टम्स आणि संस्थेच्या सहीचा सामग्री हस्तांतरण करार येतो. बॉस्टन विद्यापीठातल्या डग्लस डेन्समोर यांच्या गटाचा सायडार मोक्लो संच काही शे डॉलरना येतो. त्यात प्रमोटर, आरबीएस आणि टर्मिनेटर तयार मिळतात. एकच सर्किट करायचं असेल तर तो घेऊ नका. दरवर्षी नव्या मुलांकडून नवी सर्किटं करून घेणाऱ्या विभागानं मात्र जरूर घ्यावा.

अंतराची सहा अक्षरं

बायोब्रिक पद्धतीत दोन भाग जोडले की मध्ये व्रण राहतो. साधारण भागांमध्ये तो आठ अक्षरांचा असतो: टी-ए-सी-टी-ए-जी-ए-जी. पण आरबीएस आणि जनुक यांच्यात तो सहाच अक्षरांचा असावा, म्हणून जनुकांच्या भागांसाठी मुद्दाम छोटा उपसर्ग, म्हणजे भागाच्या आधी जोडायचा ठरावीक तुकडा, ठरवला गेला. बी००३४ मध्ये ए-जी-जी-ए-जी नंतर ए-ए-ए आणि त्यापुढे टी-ए-सी-टी-ए-जी, मग ए-टी-जी. मध्ये नऊ अक्षरं राहतात. चुकून लांब उपसर्ग वापरला, तर हेच अंतर अकरा होतं आणि प्रथिन कमी निघतं. मग लोक आरबीएसला दोष देतात, नवा आरबीएस मागवतात, पुन्हा पैसे घालतात. प्रायमर लिहिताना ही सहा अक्षरं बोट ठेवून मोजा. मोक्लो पद्धतीत जोडाचं टोकच ए-ए-टी-जी असल्यामुळे हा घोळ होत नाही, पण त्यात तुमच्या जनुकात बीएसए-वन एन्झाइमची जागा, म्हणजे जी-जी-टी-सी-टी-सी, नसल्याची खात्री करावी लागते.

इथे काटकसर नको

प्रायमर रासायनिक पद्धतीनं ३' टोकाकडून ५' टोकाकडे बनवतात. प्रत्येक अक्षर जोडताना थोडे रेणू मागे राहतात. जोडणीची यशस्विता ९९ टक्के असली, तरी चाळीस अक्षरांच्या शेवटी पूर्ण लांबीचे रेणू साधारण ६८ टक्केच उरतात, ९९.५ टक्के असली तर ८२. राहून गेलेली अक्षरं ५' टोकाची असतात, आणि आपला आरबीएस नेमका त्याच टोकाला आहे. त्यामुळे प्रत्येक आरबीएससाठी किमान तीन वसाहती उचलून त्यांचं सॅंगर सीक्वेन्सिंग करून घ्या. आपल्याकडे एका रिॲक्शनला साधारण २५० ते ५०० रुपये पडतात. नऊ नमुन्यांना ४०० च्या दरानं ३,६०० रुपये होतात. या पैशांना कात्री लावली, तर पुढची प्रत्येक मोजणी संशयास्पद ठरते. सीक्वेन्सिंगचा प्रायमर आरबीएसपासून शंभरेक अक्षरं लांब निवडा, कारण वाचनाची पहिली पन्नासेक अक्षरं नीट येत नाहीत.

साठ अक्षरांच्या पुढचा प्रायमर असेल, तर साध्या क्षारमुक्त दर्जावर समाधान मानू नका, शुद्ध केलेला घ्या. ही वेळ दोन पायऱ्यांचे आरबीएस घेताना येते. २०१३ मध्ये विवेक मुटालिक आणि बायोफॅबच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या या रचनेत आधी एक छोटा पेप्टाइड भाषांतरित होतो आणि त्यावरून जाणारा रायबोसोम पुढच्या आरबीएसवरची घडी उलगडत जातो. जनुक बदललं तरी अपेक्षित पातळी दुपटीच्या आत येण्याची शक्यता त्यांना ९३ टक्के आढळली. हा भाग सुमारे ८५ अक्षरांचा आहे. तो अर्धा-अर्धा दोन प्रायमरांत वाटून घेतला, तर सव्वाशेच्या आसपास अक्षरं होतात, म्हणजे दोन हजारांच्या आत, शुद्धीकरणाचा आकार वेगळा. जनुकं वारंवार बदलणाऱ्या प्रयोगशाळेनं हे पैसे खुशाल खर्च करावेत.

याउलट, अक्षरं मोकळी सोडलेल्या प्रायमरच्या बाबतीत सावध राहा. आरबीएसमधल्या सहा जागी 'कुठलंही अक्षर' लिहिलं, तर प्रायमरचा दर बहुतेक ठिकाणी तोच राहतो. फुकटात ४,०९६ आरबीएस मिळाल्यासारखं वाटतं. पण त्यातला एखादा विशिष्ट आरबीएस ९५ टक्के खात्रीनं सापडावा, तर सुमारे बारा हजार वसाहती तपासाव्या लागतात. खर्च प्रायमरमधून निघून पेट्री डिश आणि मनुष्यबळात जातो. दोन-तीन जागाच मोकळ्या सोडा, त्याही जी किंवा ए एवढ्याच पर्यायांसह. तेवढ्यात बराच पल्ला मिळतो.

मोजायला काय लागतं

प्लेट रीडर नसेल, तरी काम अडत नाही. एमिलसीपी हे प्रवाळापासून मिळालेलं निळं प्रथिन आहे. ते वसाहतीत साध्या डोळ्यांना दिसतं आणि ५८८ नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, म्हणजे कॉलेजच्या जुन्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवरही मोजता येतं. बी००३४, बी००३२ आणि बी००३१ लावलेल्या पेशींचे तीन गोळे शेजारी ठेवले की गडद ते फिकट असा फरक वर्गातल्या शेवटच्या बाकावरूनही दिसावा. प्रत्येक नमुना तीनदा मोजा आणि ६०० नॅनोमीटरच्या घनतेनं भागा, नाहीतर जास्त वाढलेल्या पेशींमध्ये आरबीएस जास्त ताकदवान असल्याचा भास होतो.

चमकणारं हिरवं प्रथिन वापरून संशोधन निबंध लिहायचा असेल, तर मात्र प्लेट रीडर हवा. तो विकत घेऊ नका. मोठ्या संस्थांच्या सामायिक उपकरण केंद्रांत बाहेरच्यांना शुल्क भरून वेळ मिळते. सोबत फ्लुओरेसिनची स्वस्त बाटली घेऊन जा आणि त्याच्या ज्ञात सांद्रतांवर यंत्र जुळवून घ्या. आयजेम या सिंथेटिक बायोलॉजीच्या विद्यार्थी स्पर्धेच्या आंतर-प्रयोगशाळा अभ्यासांनी हीच शिस्त लावली. त्यामुळे पुण्यातला आकडा पॅरिसमधल्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

पहिलं बिल आणि पुढची बिलं

तीन आरबीएस पहिल्यांदा बसवणाऱ्या प्रयोगशाळेचा खर्च असा येईल: प्रायमर २,२००, चांगलं पॉलिमरेज १२,००० च्या आसपास, कायनेज, लायगेज आणि डीपीएन-वन मिळून १५,०००, प्लास्मिड काढायचा पन्नास नमुन्यांचा संच ६,०००, सीक्वेन्सिंग ३,६००, आणि माध्यम, प्रतिजैविक, डिश मिळून ५,०००. बेरीज ४३,८०० रुपये. कंपनी आणि डीलर बदलला की या रकमा बऱ्याच खालीवर होतात, म्हणून निदान तीन कोटेशनं घ्याच. पण या यादीतली एन्झाइमं एका प्रयोगात संपत नाहीत. शंभर युनिटांचं पॉलिमरेज पन्नास मायक्रोलिटरच्या शंभर रिॲक्शनांना सहज पुरतं. त्यामुळे चौथा आरबीएस घ्यायची वेळ येते, तेव्हा प्रायमरचे ६०० आणि सीक्वेन्सिंगचे १,२०० असे १,८०० रुपयेच नव्यानं मोजावे लागतात. शेजारच्या विभागाशी एन्झाइमं वाटून घेतली, तर पहिलं बिलही बरंच खाली येतं. दोन कॉलेजांनी मिळून खरेदी करावी, हे मी आग्रहानं सांगेन.

बचतीच्या आणखी दोन जागा. तयार सक्षम पेशी ड्राय आइसमध्ये येतात आणि त्यांच्या वाहतुकीचा आकारच जड असतो. कॅल्शियम क्लोराइड वापरून त्या आपल्याच प्रयोगशाळेत बनवा. माध्यमासाठी मुंबईच्या हायमीडियासारख्या देशी कंपन्या आहेत. ५०० ग्रॅम एलबी पावडरपासून लिटरला २५ ग्रॅमच्या हिशेबानं वीस लिटर माध्यम होतं.

आयजेममध्ये उतरायचा विचार असेल, तर हे सगळे आकडे किरकोळ वाटतील. भाग नोंदणीसोबत मिळतात, पण नोंदणी शुल्कच काही हजार डॉलर असतं आणि वर पॅरिसचा प्रवास. पुण्याच्या आयसर आणि मुंबईच्या आयसीटीच्या मुलांनी या स्पर्धेत भाग घेतलेला आहे. त्यांच्या संघांची प्रकल्प-पानं खुली आहेत. अंदाजपत्रक करण्याआधी ती वाचा.

यीस्टमध्ये काम करणार असाल, तर आरबीएसवर एक रुपयाही घालू नका. तिथला रायबोसोम आरएनएच्या टोपीपासून सरकत सरकत सुरुवात शोधतो, शाइन-डालगार्नो अक्षरं त्याला लागत नाहीत. बॅसिलस सबटिलिसमध्ये आरबीएस लागतो, पण त्याला अधिक घट्ट जोडी हवी असते, म्हणून ई. कोलायची यादी जशीच्या तशी उचलू नका.

ऑर्डरच्या आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला प्रयोगाची रूपरेषा कळवा. ई. कोलायच्या निरुपद्रवी के-१२ वाणातलं काम असलं, तरी १९८९ च्या नियमांखाली ही नोंद हवी. तिला शुल्क नसतं, वेळ मात्र लागतो. अनुदान ३१ मार्चला संपणार असेल, तर एन्झाइमची ऑर्डर जानेवारीतच द्या. शीतपेटीतून येणारा माल शुक्रवारी निघू नये असं डीलरला लेखी सांगा आणि तो उतरवून घ्यायला कोण थांबणार त्याचं नाव आधीच ठरवा.

तयार प्लास्मिड असलेल्या पेशी ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवाव्यात. तसा फ्रीजर नसेल, तर शुद्ध डीएनएचा थेंब गाळणकागदावर सुकवून कोरड्या पाकिटात ठेवला तरी टिकतो आणि दुसऱ्या कॉलेजला साध्या टपालानं पाठवता येतो. पाकिटावर नुसतं 'बी००३४' लिहू नका. सीक्वेन्सिंगमध्ये आलेली अक्षरं, व्रणाची सहा अक्षरं आणि जनुकाचं नाव लिहा, आणि प्लास्मिडचा पूर्ण नकाशा ईमेलनं सोबत द्या.